पूजेला मांडलेल्या बारा काचा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं ते मलाच कळत नाही, तर सुधारणार कुठून? चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर हातात लेखणी आली ती वाण्याच्या यादीपुरती. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर अक्षराला हसा, पण मधेच सोडू नका. जे सांगायचं आहे ते शेवटाकडे आहे, आणि तिथवर यायला मलाच तीन वर्षं लागली होती.

लग्न होऊन मी साताऱ्याला आले तेव्हा लढाई सुरू होऊन वर्ष झालं होतं. मालक पलटणीत. हळद उतरायच्या आतच रजा संपली आणि ते गेले. मी राहिले थोरल्या दिरांच्या घरी, माहुलीच्या रस्त्याला, गावाच्या अगदी कडेला. दीर हायस्कुलात शास्त्र शिकवत, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणत, जाऊबाईसुद्धा. जाऊबाईंना मी आक्का म्हणे.

आमच्यात थोरल्या दिराशी बोलायची रीत नाही. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते आक्कांना सांगत, "धाकटीला म्हणावं पाणी तापव." मी तिथेच तीन हातांवर पदर ओढून उभी असे. मला त्यांना काही सांगायचं असलं तर मी सांगतच नसे. मूळचाच स्वभाव बुजरा, त्यात ही रीत. मला ती बरीच वाटायची.

दिरांना एकच नाद होता, आभाळाचा. पाचगणीला एक साहेब सामान विकून विलायतेला निघाला होता, त्याच्याकडून त्यांनी हातभर लांबीची पितळी दुर्बीण आणली होती. सुताराकडून तिच्यासाठी एक तिरका लाकडी कणा करून घेतला होता, त्याचं टोक ध्रुवाकडे. दुर्बिणीच्या पाठीवर फोटोची पेटी दोरीने घट्ट बांधायची. पेटीत काच. पाऊस गेला, दसरा झाला, चंद्र उशिरा उगवायला लागला, की हे सगळं माळवदावर जायचं. त्या सालात रात्री माळवदावर दिवा दिसला तर पोलीस विचारायला येत, म्हणून आधीच फौजदाराला सांगून ठेवलेलं असे. तो म्हणाला होता म्हणे, "मास्तर, चांदण्या काय पळून चालल्यात?"

तर तेच. चांदण्या पळतात. अंधुक चांदण्यांचा फोटो निघायला काच तासभर उघडी ठेवावी लागते, आणि तेवढ्यात सगळं आभाळ पश्चिमेला सरकतं. म्हणून दुर्बिणीत दोन बारीक धाग्यांची फुली होती. एक चांदणी त्या फुलीवर धरायची आणि हाताने स्क्रू फिरवत तासभर तिला तिथून ढळू द्यायचं नाही. ढळली की काचेवर ठिपक्याऐवजी रेघ. ते धागे कोळ्याच्या जाळ्यातले होते. गोठ्यातला एक कोनाडा आक्का मला कधी झाडू देत नसत. म्हणत, "त्येवडं जाळं ऱ्हाऊ दे. मास्तरांची शेती हाय ती."

माझं काम घड्याळाचं. मला घड्याळ वाचता येतं हे कळल्यावर दिरांनी आक्कांकरवी मला जिन्याच्या वरच्या पायरीवर बसवलं. शेजारी आक्का घोंगडीत. लाल कागद लावलेला कंदील पदराआड धरून मी काटा बघायची आणि दर दहा मिनिटांनी एकदा बांगड्या वाजवायची. बोलायचं नाही, नुसता किणकिणाट. आक्का पहिल्या दहा मिनिटांतच झोपत. मग त्या एवढ्या मोठ्या आभाळाखाली जागे आम्ही दोघंच, मी आणि पाठमोरे दीर. मला त्याआधी आभाळातलं खाटलं आणि तिकांडं तेवढं ठाऊक होतं. बाकी नावं मी अंधारात ऐकून शिकले. ते आक्कांना सांगत आणि आक्का झोपलेल्या असत.

पहिल्या शरदात त्यांनी कृत्तिकांचा फोटो काढला. काच धुऊन वाळल्यावर आक्कांना म्हणाले, "धाकटीलाही दाखव." मी ती खिडकीशी धरली. आभाळ पांढरं आणि चांदण्या काळ्या. मोहरीचे दाणे सांडावेत तशा. आक्का म्हणाल्या, "ह्येच्यासाटी रातभर जागलो व्हय?" पण मी त्या काचेकडे किती वेळ बघत होते ते मलाच माहीत. त्यातले दोन दाणे माझ्या बांगड्यांचे आहेत असं मला वाटलं होतं.

दिरांच्या मनात मात्र दुसरंच होतं. देवयानीत एक धुरकट ठिपका आहे, नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. तो ढग नाही, ते लांबचं दुसरं आभाळ आहे, असंख्य सूर्यांचं, असं ते सांगत. त्याचा फोटो त्यांना हवा होता. पण लढाईमुळे काचा मिळेनात. शेवटी सांगलीच्या एका फोटोवाल्याने त्यांच्यासाठी बारा काचांची एक पेटी राखून ठेवली. म्हातारे मुसलमान गृहस्थ होते, शाळेचे फोटो काढायला साताऱ्याला येत. लग्नसराईत गिऱ्हाईक दुप्पट पैसे द्यायला तयार असताना त्यांनी ती पेटी पाच महिने कपाटात ठेवली, मास्तरांना आभाळासाठी पाहिजे म्हणून. साडेअकरा रुपये पडले. दसऱ्याच्या चार दिवस आधी दीर स्वतः जाऊन घेऊन आले.

आता माझं सांगते.

खंडेनवमीला आमच्यात घरातली सगळी हत्यारं-अवजारं पुजतात. त्या वर्षी आक्का बाजूला बसलेल्या होत्या, आणि दीर शाळेतल्या पोरांना घेऊन गडावर गेले होते, दुपारी येणार होते. पूजा माझ्यावर आली. सासरेही पलटणीतले, त्यांची तलवार होती. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, दिरांची पुस्तकं, दौत, दुर्बीण, फोटोची पेटी, सगळं मी माजघरात पाटावर आणून मांडलं. आक्का मागच्या पडवीतून सांगत होत्या, "तलवार म्यानातनं भाईर काड. पुस्तकं उगड. झाकल्याली पूजा पावत न्हाई."

तलवार काढली. पुस्तकं उघडली. दुर्बिणीची टोपी काढली. मग हाताशी राहिली ती काचांची पेटी. फोटो काढून झाल्यावर काच अंधारात न्यायची, उजेड दाखवायचा नाही, हे मला दोन वर्षं बघून ठाऊक होतं. पण फोटो निघण्याआधी ती नुसती काच असते, असं मी धरून चालले होते. कोरी पाटी असते तशी. मी चिकटलेला कागद सुरीने अलगद सोडवला, आतला काळा कागद उलगडला आणि बाराच्या बारा काचा पाटावर ओळीने मांडल्या. एका अंगाला दुधाळ, खरवसासारख्या. खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं. मी त्यांच्यापुढे हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आरती ओवाळली. या वर्षी देवयानीचा फोटो निघू दे, असं मनात म्हटलं. मग होत्या तशा गुंडाळल्या आणि खळीने कागद पुन्हा चिकटवला. काम इतकं नीट केलं होतं की ते मला नडलं. कुणाला काही कळलंच नाही.

अमावास्येच्या अलीकडच्या तीन रात्री आभाळ लखलखीत होतं. दीर रोज दोन काचा उघडायचे, एकेक तासभर, आणि मी बांगड्या वाजवायची. चौथ्या दिवशी न्हाणीघराला आतून घोंगड्या लावून ते काचा धुवायला बसले. मी बाहेर पाण्याची घागर घेऊन उभी. आत पाणी ओतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "काळी." थोड्या वेळाने पुन्हा, "ही पण काळी." सहाही तशाच निघाल्या. मग त्यांनी न वापरलेली एक काच घेऊन तीही धुतली. ती तव्याच्या बुडासारखी काळी निघाली. दार उघडून बाहेर येताना ते आक्कांना म्हणाले, "पेटीत होत्या तेव्हाच उजेड लागलेला आहे. जुना माल बांधून दिला त्याने मला."

मी घागर खाली ठेवली. कशी ठेवली ते आठवत नाही. पाणी पायावर सांडलं तेवढं आठवतं.

रात्री चुलीपुढे मी आक्कांना सगळं सांगितलं. त्या कितीतरी वेळ भाकरी थापतच राहिल्या. मग म्हणाल्या, "गप ऱ्हा. त्यो दुकानदार काय तुज्या म्हायेरचा हाय? उगड म्हणून मीच म्हन्ले, मलाबी बोलतील." मी गप्प राहिले. आक्कांनी सांगितलं म्हणून राहिले असं मी पुढे कितीदा मनाला समजावलं, पण ते खरं नाही. हे कळलं तर दीर मला पुन्हा जिन्यावर बसवणार नाहीत, ही मला भीती होती. एका म्हाताऱ्या माणसाच्या अब्रूपेक्षा मला ती पायरी मोठी वाटली.

दिवाळी झाल्यावर दीर सांगलीला गेले. परत आले तेव्हा साडेअकरा रुपये खिशात होते. उरलेल्या काचा कागदासकट दुकानात ठेवून आले होते. आक्कांना सांगत होते, भर दुकानात गिऱ्हाइकांपुढे बोललो, गरिबाला फसवलंस म्हणालो. आणि त्याने काय म्हणावं? काही म्हणाला नाही. पेटी उलटसुलट करून बघितली, गल्ला उघडला आणि पैसे मोजून दिले. दिरांना त्यातच खूण पटली. खरा असता तर भांडला असता, असं ते म्हणाले. पुढे शाळेच्या फोटोचं काम दुसऱ्या कुणाकडे गेलं, आणि दिरांच्या सांगण्यावरून आणखी एका शाळेचंही गेलं. काचा मिळायची तेवढी एक जागा होती, तीही संपली. त्या सालापासून माळवदावर कुणी गेलं नाही. म्हणजे ज्या पायरीसाठी मी तोंड मिटलं ती पायरीही राहिली नाही.

मी वाकळा शिवायला घेतल्या. शेजारपाजारच्या बाया जुनी लुगडी आणून देत आणि वाकळीमागे बारा आणे, कधी रुपया देत. आक्कांनी विचारलं नाही कशाला, आणि मी सांगितलं नाही.

पुढच्या भाऊबीजेला मी माहेरी गेले. माझं माहेर पलूसजवळ, तिथून सांगली लांब नाही. मालकांना पाठवायला फोटो काढते असं आईला सांगितलं आणि तिला घेऊन सांगलीला गेले. दुकान सापडलं. आई शेजारच्या कासाराकडे बांगड्या भरायला बसली. मी दारातून एकदा परत फिरले, मग पुन्हा आत गेले.

म्हातारबुवा एकटेच होते. मी कोणत्या घरची हे सांगितलं आणि पदराची गाठ सोडून सहा रुपये काउंटरवर ठेवले. त्यांनीच विचारलं, "साताऱ्याच्या मास्तरांच्या घरचं कुंकू तुमचं काय?"

मला काही कळेना. त्यांनी सांगितलं ते असं. मास्तर गेल्यावर संध्याकाळी त्यांनी तो काळा कागद उजेडात उलगडला. काचा वाया गेल्याच होत्या, आता झाकायचं काय? तर घडीत चिमूटभर कुंकू आणि तांदळाचे चार दाणे. न्हाणीघरात लाल कंदिलाच्या उजेडात लाल कुंकू दिरांना दिसलंच नव्हतं. म्हातारबुवांचं दुकान पन्नास घरांच्या मधे होतं, खंडेनवमीला काय करतात ते त्यांना ठाऊक होतं. लगेच ओळखलं.

"मग तुमी कळवलं का न्हाई?" मी विचारलं. परक्या पुरुषाशी मी एवढं पहिल्यांदाच बोलले असेन.

"मास्तरांना पत्र टाकायला बसलो होतो. मग म्हटलं, पैसे तर गेलेच हायत. ह्ये पत्र मास्तर घरात मोठ्यानं वाचणार. ज्या बाईनं पूजा केली तिनं कुठं बघायचं?"

मी सहा रुपये त्यांच्याकडे सरकवले आणि बाकीचे पुढच्या वर्षी देते म्हणाले. त्यांनी ते परत माझ्याकडे सरकवले.

"पैसे मला पायजेत, बाई. न्हाई म्हणण्याइतका मी सावकार न्हाई. पण ह्ये असं गाठीतनं न्हाई घेणार. मास्तर चारचौघांत घेऊन गेले, तसे चारचौघांत येऊ द्या."

मग त्यांनी माझा फोटो काढला. मान वर करा म्हणून तीनदा सांगितलं. त्या फोटोत माझी मान खालीच आहे.

परत आल्यावर लगेच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. एक वर्ष गेलं, मग आणखी एक. पैसे केव्हाच जमले होते, फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवले होते. रोज डब्यात हात घातला की बोटांना लागायचे. आज सांगू, सणानंतर सांगू, दीर खुशीत असले की सांगू, आणि ते खुशीत असले की मला वाटायचं, आता कशाला. लढाई संपली. मालकांचं पत्र आलं की सुटून यायला अजून वेळ आहे. दिरांचे केस कानाशी पांढरे झाले.

त्या वर्षी खंडेनवमीला दीर आक्कांना म्हणाले, "दुर्बीण पूजेत मांडू नका. दिवाळीनंतर फलटणचा एकजण न्यायला येणार आहे. दिली मी." मी तलवारीला कुंकू लावत होते, ते सगळं बोटावरच राहिलं.

अमावास्या जवळ आली तेव्हा एका रात्री दिरांनी दुर्बीण वर नेली. फोटोची पेटी नाही, नुसती दुर्बीण. शेवटची एकदा बघतो म्हणाले. आक्का घोंगडी घेऊन जिन्यावर बसल्या, आणि मी सवयीने त्यांच्याजवळ. देवयानी डोक्यावर आलेली. घड्याळ नव्हतं, बांगड्या वाजवायचं कारण नव्हतं. तरी मी वाजवल्या. दीर वळले.

"भावजी, ती पेटी मी उघडली होती."

माझा आवाज त्यांनी पाच वर्षांत पहिल्यांदा ऐकला असेल. त्यांनी विचारलं, "कुठली पेटी?"

"काचांची. खंडेनवमीला. पूजेला मांडल्या होत्या."

त्यांनी दुर्बिणीवरचा हात काढला. मग त्यांनी जे विचारलं ते मी अजून विसरले नाही. "किती वेळ उघड्या होत्या?"

"आरती होईस्तवर."

"उन्हात?"

"व्हय."

मला वाटलं आता ते बोलतील. तेवढ्यात घोंगडीतून आक्का म्हणाल्या, "मीच गप बसवलं तिला. काय बोलायचं त्ये मला बोला." त्या जाग्या होत्या. कदाचित त्या सगळ्या रात्रीही जाग्याच असत, मला आता वाटतं.

दिरांनी विचारलं, त्या माणसाला हे ठाऊक आहे का. मी कुंकवाचं सांगितलं, आणि त्याने पत्र का टाकलं नाही तेही. ते ऐकल्यावर दीर खाली बसले, तिथेच माळवदाच्या मातीवर. एकदाच म्हणाले, "मी त्याला फसव्या म्हणालो. त्याच्या नातवापुढे." मग आक्कांना विचारलं, "पहाटेची गाडी किती वाजता आहे?"

आम्ही तिघंही गेलो. गाडीत मी फडकं मांडीवर घट्ट धरून बसले होते.

दुकान निम्मं राहिलं होतं. निम्म्या जागेत मधे फळी मारून एक शिंपी बसलेला. म्हातारबुवा जास्त वाकले होते. शिंप्याकडे दोन गिऱ्हाइकं होती, आणि एक नवरा-बायको फोटोसाठी थांबलेले. दिरांनी दारातच टोपी काढली. मी त्यांना बोडक्या डोक्याने बाहेर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "काचा माझ्या घरात उजेडात गेल्या. तुमचा माल चोख होता. तीन वर्षांमागे मी इथे उभा राहून जे बोललो ते खोटं होतं. शाळांनाही मी तसं लिहून देतो."

शिंप्याचं यंत्र थांबलं होतं. म्हातारबुवांनी मान हलवली आणि फळीकडे बघितलं. ती फळी माझ्यामुळे लागली होती, आणि ती काढायचं माझ्या हाती नव्हतं.

दिरांनी खिशात हात घातला. मग काढला, आणि दिवसाउजेडी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे वळून बोलले. "धाकटे, तुझे तू दे."

मी फडक्याची गाठ सोडायला गेले, ती सुटेना. आक्कांनी दातांनी सोडवली. वाकळांचे पैसे सगळे सुटे होते, आणे, दोन आणे, पावल्या, वर माहेरचा एक चांदीचा बंदा रुपया. म्हातारबुवांनी काउंटरवर एकेक रुपयाच्या ढिगल्या लावल्या, मोठ्याने मोजत. चारचौघांत. दहापर्यंत आले तेव्हा मीही मनात मोजत होते. बंदा रुपया त्यांनी शेवटी ठेवला, अकरा. त्याच्या शेजारी दोन पावल्या, आठ आणे. मग सगळ्या ढिगल्यांवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "पुरे झाले, बाई. पुरते आले."